रोजची भरणी

बऱ्याच डेटाबेसांची रात्र एकाच कामात जाते. कुठून तरी मोठी फाइल येते, कालच्यासारखीच पण थोडी बदललेली, आणि लोक कामाला बसायच्या आत ती टेबलांत उतरलेली असावी लागते. बँकेची दिवसअखेर, शेअर बाजाराचे भाव, घाऊक व्यापाऱ्याची दरसूची, ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा, सगळीकडे हाच प्रकार. फाइल वाढत जाते, रात्र तेवढीच राहते. कधीतरी भरणी सकाळपर्यंत लांबते, आणि मग ‘हे लवकर कसं होईल’ हा प्रश्न उभा राहतो.

त्याची दोन प्रामाणिक उत्तरं आहेत. एक म्हणतं, बदललं तेवढंच भरा. दुसरं म्हणतं, सगळंच भरा, पण नीट भरा. ही दोन उत्तरं मी इथे दोन माणसांच्या तोंडी दिली आहेत. मावशी बँकेच्या डेटा सेंटरमध्ये डेटाबेस सांभाळून निवृत्त झालेली. भाचा पुण्यात मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर लिहितो. ओपनस्ट्रीटमॅपमधला भारताचा भाग रोज पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरायचा आणि त्यावर ट्रकचे मार्ग काढायचे, हे त्याचं काम. माझा कल मावशीकडे आहे आणि तो मी लपवलेला नाही. भाच्याचं म्हणणं मात्र पुरतं ऐकण्याजोगं आहे.

भाचा: माझं म्हणणं सरळ आहे, मावशी. कालच्या आणि आजच्या नकाशात अगदी थोडा फरक असतो. कुठे नवा पूल, कुठे बदललेलं नाव. तेवढ्यासाठी सगळा देश पुन्हा भरायचा कशाला? ओपनस्ट्रीटमॅप स्वतःच दर मिनिटाच्या, तासाच्या आणि दिवसाच्या फरकाच्या फाइली काढतं. जर्मनीतल्या कार्लस्रूहची जिओफॅब्रिक ही कंपनी भारताच्या भागासाठी रोजचा फरक देते. तो घ्यायचा, लावायचा, मिनिटांत काम खलास.

मावशी: आणि एखाद्या दिवसाचा फरक गळला तर?

भाचा: गळत नाही. प्रत्येक फाइलला क्रमांक असतो. शेवटचा कुठला लावला ते मी एका फाइलमध्ये लिहून ठेवतो.

मावशी: डेटाबेसच्या बाहेरच्या फाइलमध्ये?

भाचा: हो.

मावशी: मग ऐक. डेटा कमिट झाला आणि क्रमांक लिहायच्या आधी सर्व्हर बसला, तर तोच फरक दुसऱ्यांदा लागणार. उलट, क्रमांक आधी लिहिलास आणि डेटा राहिला, तर तो फरक कायमचा गेला, आणि तुला पत्ताही लागणार नाही. क्रमांक त्याच डेटाबेसात ठेव आणि त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये बदल. दोन्ही होईल किंवा काहीच होणार नाही.

भाचा: दुसऱ्यांदा लागला तर आमचं बिघडत नाही. आमच्या फरकात ‘या रस्त्याची आताची स्थिती ही’ असं असतं. कितीही वेळा लावा, तीच स्थिती राहते.

मावशी: ते तुझं नशीब. आमच्याकडे फरक म्हणजे ‘या खात्यात पाचशे मिळव’. ते दोनदा लागलं की दुसऱ्या दिवशी काउंटरवर रांग. पण ते असू दे. मला आधी हे सांग, पूर्ण फाइल भरायला तुला किती वेळ लागतो?

भाचा: रात्री सुरू केली तर सकाळी ऑफिस उघडलं तरी चालूच असते. म्हणून तर फरकांकडे वळतोय.

मावशी: तिथेच माझं तुझ्याशी जमत नाही. फरक लावत राहायचे म्हणजे कालचं टेबल बरोबर होतं असं रोज मानत राहायचं. आज ना उद्या शंका येणार. त्या दिवशी मुळापासून भरून ताडून बघता आलं पाहिजे. भरणीला अख्खी रात्र आणि वर सकाळ लागत असेल तर तू ताडून बघणारच नाहीस. पूर्ण भरणी जमत नाही म्हणून फरक नकोत. पूर्ण भरणी चटकन होते, म्हणून बिनधास्त फरक लाव. क्रम हा असा आहे.

मला वाटतं, सगळ्या विषयाचं मूळ मावशीच्या या बोलण्यात आहे. वेग हवा तो रात्र वाचवण्यासाठी हे खरंच, पण त्याहून मोठा लाभ म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरू करण्याची मुभा. तासाभरात होणारी भरणी माणूस चुकली तर पुन्हा करतो. दहा तासांची भरणी चुकली तर तो चुकलेल्या भागाला ठिगळ लावतो, आणि ठिगळांचा डेटा वर्षभरात कुणालाच समजेनासा होतो.

भाचा: बरं, पूर्ण भरणी लवकर कशी होणार? मी नवीन सर्व्हर मागितला होता, तो मिळाला नाही.

मावशी: सर्व्हरचं नंतर बघू. स्क्रिप्ट कशी आहे?

भाचा: पायथन. फाइलमधून एक वस्तू वाचायची, इन्सर्ट चालवायचं, कमिट करायचं, पुढची वस्तू.

मावशी: प्रत्येक ओळीला कमिट?

भाचा: मधेच बंद पडलं तर तोपर्यंतचं राहावं म्हणून.

मावशी: कमिट म्हणजे डेटाबेसनं तुला दिलेला शब्द. वीज गेली तरी ही ओळ जाणार नाही, असा. तो शब्द पाळायला त्याला लॉग खरोखर डिस्कवर उतरेपर्यंत थांबावं लागतं. जुनी फिरती डिस्क घे, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्यात एक कमिट धरलंस तर दहा लाख ओळींना सव्वादोन तासांच्या वर. एसएसडीवर आकडा सुधारतो, पण थांबणं तेच. तू दहा लाख वेळा शब्द मागतोयस, आणि तुला हवा आहे एकच: पूर्ण फाइल आली.

भाचा: म्हणजे सगळ्याला मिळून एकच कमिट.

मावशी: हो. आणि इन्सर्टही नको. तुझी स्क्रिप्ट एका मशिनवर, डेटाबेस दुसऱ्यावर. एका ओळीचा निरोप जाऊन उत्तर यायला एक मिलिसेकंद लागला तर एक कोटी ओळींना जवळपास पावणेतीन तास नुसत्या येण्याजाण्यात गेले. त्यात ना डिस्क, ना इंडेक्स. पोस्टग्रेसची कॉपी आज्ञा वापर. ती एकदा सुरू झाली की ओळी सलग वाहत जातात, मधे उत्तराची वाट नाही, दर ओळीला वाक्य उलगडणं नाही. मायएसक्यूएलमध्ये लोड डेटा आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये बल्क इन्सर्ट, ओरॅकलमध्ये एसक्यूएल लोडर. प्रत्येकानं यासाठी वेगळा दरवाजा ठेवलेला आहे, आणि तू पुढच्या खिडकीतून एकेक पोतं आत देतोयस.

भाचा: कॉपीत एक खराब ओळ आली तर सगळं परत फिरतं, मावशी. नकाशाचा डेटा लोकांनी हातानं भरलेला असतो. काहीही असतं त्यात.

मावशी: म्हणून कॉपी थेट खऱ्या टेबलात करायचीच नाही. एक उतरवण्याचं टेबल ठेव. त्यातले रकाने सगळे साध्या मजकुराचे, बंधनं नाहीत, इंडेक्स नाहीत. आकडा आहे का, तारीख आहे का, हे तिथे उतरल्यावर तपासायचं, आणि खराब ओळी बाजूच्या टेबलात काढायच्या म्हणजे सकाळी बघता येतात. २०२४ मध्ये आलेल्या पोस्टग्रेसच्या सतराव्या आवृत्तीत खराब ओळ सोडून पुढे जायची सोय कॉपीतच आली आहे. पण गुपचूप सोडून दिलेल्या ओळी मला आवडत नाहीत. किती सुटल्या आणि का, हे कुठेतरी नोंदलेलं असावं.

उतरवण्याचं टेबल भाच्याला लगेच पटलं. पुढचा मुद्दा त्याला थोडा जड गेला, कारण त्यात त्याच्या टेबलावरचे सात इंडेक्स उडवायचे होते, आणि त्यातला प्रत्येक कुणाच्या तरी मागणीवरून बनलेला होता.

मावशी: टेबलात ओळ लिहिणं स्वस्त आहे. शेवटच्या पानावर जागा असते, तिथे ती बसते. इंडेक्सचं तसं नाही. प्रत्येक इंडेक्सला आपापल्या क्रमानं ती ओळ नेमक्या जागी घालावी लागते. सात इंडेक्स म्हणजे सात वेगवेगळ्या जागी जाणं. इंडेक्स मेमरीत मावतो तोवर हे जाणवत नाही. मावेनासा झाला की जवळपास प्रत्येक ओळीला डिस्कवरून एक पान आणायचं, त्यात एक नोंद करायची, परत ठेवायचं.

भाचा: म्हणूनच पहिले काही लाख झरझर जातात आणि मग सगळं मंदावतं?

मावशी: बऱ्याचदा तेच. आणि लॉगचं विसरू नकोस. चेकपॉइंट झाल्यावर एखाद्या पानाला पहिल्यांदा हात लागला की पोस्टग्रेस ते अख्खं पान, ८ केबी, लॉगमध्ये लिहितो. अर्धवट लिहिलेल्या पानातून सावरता यावं म्हणून. तू सगळ्या इंडेक्सभर इकडून तिकडे उड्या मारतोस तेव्हा वीस-तीस बाइटच्या नोंदीसाठी ८ केबीचा लॉग होतो. त्यात लॉगची मर्यादा मूळच्या १ जीबीवरच असेल तर चेकपॉइंट वरचेवर होतात आणि तीच पानं पुन्हा पुन्हा लिहिली जातात. भरणीच्या वेळी ती मर्यादा वाढव.

भाचा: आणि इंडेक्स काढून नंतर बनवले तर हे टळतं?

मावशी: पुस्तक लिहिताना दर पानाला शेवटची शब्दसूची दुरुस्त करत कुणी बसत नाही. पुस्तक संपलं की सगळे शब्द एकदम लावतात. इंडेक्सचंही तेच: सगळ्या किल्ल्या एकदा क्रमानं लावायच्या आणि खालून वर पानं भरत जायची. बेयर आणि मॅक्राइट यांनी बोइंगमध्ये बी-ट्री मांडली, १९७२ चा तो लेख. डेटाबेसातले बहुतेक इंडेक्स अजून त्याच घराण्यातले आहेत, आणि रांगेत आलेल्या किल्ल्या त्यांना अजूनही आवडतात. इंडेक्स बनवताना मेमरी मात्र सढळ दे. मूळची ६४ एमबी असते, तेवढ्यात मोठी क्रमवारी लागत नाही. पोस्टग्रेसच्या २०१८ च्या अकराव्या आवृत्तीपासून बी-ट्री बनवायला एकापेक्षा जास्त प्रोसेसही लावता येतात.

भाचा: ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा पोस्टग्रेसमध्ये भरणारं ओएसएमटूपीजीएसक्यूएल हेच करतं की. कॉपीनं भरतं, ओळी भूगोलाच्या क्रमानं लावतं आणि इंडेक्स शेवटी बनवतं.

मावशी: मग तू स्वतःची स्क्रिप्ट का लिहिलीस?

भाचा: आम्हाला थोडेच रकाने हवे होते. सोपं वाटलं.

(इथे मावशी काही बोलली नाही, आणि मीही भाच्याला दोष देणार नाही. तयार अवजाराचे शंभर पर्याय वाचण्यापेक्षा वीस ओळी लिहिणं सोपं वाटतं, आणि पहिल्या जिल्ह्याच्या फाइलला त्या वीस ओळी पुरतातही.)

भाचा: ठीक आहे, भरणी मी लवकर करीन. पण फरकांचं माझं म्हणणं अजून उभं आहे. चाळीस मिनिटांत सगळं होत असलं तरी पाच मिनिटांत फरक होत असेल, तर रोज चाळीस का घालवायची?

मावशी: फरक कसा लावतोस?

भाचा: ऑन कॉन्फ्लिक्ट. किल्ली आधीच असेल तर अपडेट, नसेल तर इन्सर्ट. २०१६ पासून पोस्टग्रेसमध्ये आहे ते, नऊ-पाच आवृत्तीत आलं.

मावशी: आणि आलेली ओळ जशी होती तशीच असेल तर?

भाचा: तर अपडेट होऊन काही बदलत नाही.

मावशी: तुझ्या दृष्टीनं बदलत नाही. पोस्टग्रेस अपडेटला जुनी ओळ खोडून तिथेच लिहीत नाही. नवी प्रत लिहितो आणि जुनी मेलेली म्हणून सोडतो. जुनी प्रत कुणी वाचत असेल तर त्याला ती दिसायला हवी, म्हणून. तू एक कोटी ओळी जशाच्या तशा ‘अपडेट’ केल्यास तर एक कोटी नव्या प्रती, एक कोटी मेलेल्या, तेवढा लॉग, आणि मग मागून व्हॅक्यूम झाडू मारत बसणार. अपडेटला अट घाल: जुनं आणि नवं वेगळं असेल तरच. साधं ‘बरोबर नाही’ चिन्ह वापरू नकोस, नल आला की ते फसतं. इज डिस्टिंक्ट फ्रॉम वापर.

भाचा: हे मला माहीत नव्हतं. टेबल फुगत होतं आणि मी डिस्क वाढवत होतो.

मावशी: आणि नकाशातून पुसलेल्या गोष्टी? पाडलेला पेट्रोल पंप?

भाचा: दिवसाच्या फरकात पुसल्याची नोंद असते. नवीन, बदललेलं आणि पुसलेलं, असे तीन भाग असतात.

मावशी: नकाशावाल्यांनी ती काळजी घेतली आहे म्हणून. दरसूची पाठवणारा व्यापारी ‘ही वस्तू आता नाही’ असं कळवत नाही. ती फक्त फाइलमध्ये येत नाही. तिथे तुझं ऑन कॉन्फ्लिक्ट बंद पडलेली वस्तू जन्मभर विकत राहील.

भाचा: आता मीच माझ्या विरुद्ध एक गोष्ट सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये रस्त्याला स्वतःचे अक्षांश-रेखांश नसतात. रस्ता म्हणजे बिंदूंच्या क्रमांकांची यादी. कुणी एक बिंदू दहा मीटर सरकवला तर फरकाच्या फाइलमध्ये तो बिंदू येतो, रस्ता येत नाही, कारण त्याची यादी बदललेलीच नसते. पण माझ्या टेबलातली रस्त्याची रेघ मात्र आता चुकीची असते.

मावशी: मग कुठला बिंदू कुठल्या रस्त्यात आहे, हे सगळं जपून ठेवावं लागणार.

भाचा: हो. ओएसएमटूपीजीएसक्यूएल ते मधल्या टेबलांत ठेवतं, आणि बिंदूंच्या जागा वेगळ्या फाइलमध्येही ठेवता येतात. माझ्या वीस ओळींत ते काहीच नाही.

मावशी: म्हणजे फरक पाच मिनिटांत लागतो, पण तो लागावा म्हणून जे सांभाळावं लागतं त्याचा हिशोब तू धरला नव्हतास.

भाचा: नव्हता धरला. पण म्हणून रोज सगळं पुसून भरायचं हेही मला पटत नाही. त्यापेक्षा असं करू. पूर्ण फाइल कॉपीनं उतरवण्याच्या टेबलात आणायची. तिथेच रस्त्यांच्या रेघा तयार करायच्या. मग ते टेबल खऱ्या टेबलाशी एकाच जोडणीत ताडायचं. नवीन तेवढं इन्सर्ट, खरोखर वेगळं तेवढं अपडेट, नाहीसं झालेलं डिलीट. फरक बाहेरून घ्यायचाच नाही, आपणच काढायचा. वाचन पूर्ण फाइलचं, लिखाण मात्र थोडंसंच.

मावशी: हे मला आवडलं. यात तुझा कालच्या टेबलावरचा विश्वास रोज तपासला जातो. कालचं काही चुकलं असेल तर आज आपोआप सुधारेल. एक टाक मात्र: उतरलेल्या ओळी कालच्यापेक्षा फारच कमी असतील तर डिलीट करायच्या आधी थांबायचं आणि माणसाला उठवायचं. अर्धीच डाउनलोड झालेली फाइल आली, तर अर्धा देश नाहीसा झाला असं समजून तुझी स्क्रिप्ट तो पुसून टाकेल.

भाचा: उतरवण्याचं टेबल मी अनलॉग्ड करतो. लॉगच नको त्याला.

मावशी: कर. सर्व्हर कोसळला तर ते रिकामं होतं, पण फाइल तुझ्याजवळ आहेच. ज्याचं मूळ हातात आहे त्याच्यासाठी डेटाबेसकडून शब्द घ्यायची गरज नाही. खऱ्या टेबलाला मात्र हे करू नकोस. अनलॉग्ड टेबल कोसळल्यावर तर रिकामं होतंच, शिवाय दुसऱ्या सर्व्हरवरच्या प्रतिकृतीत त्यातला डेटा जातही नाही.

भाचा: आणि एफसिंक, म्हणजे लिखाण डिस्कवर उतरेपर्यंत थांबणंच, बंद केलं तर?

मावशी: नाही.

भाचा: ऐक तरी. नकाशाची भरणी वेगळ्या सर्व्हरवर करायची, ज्यावर दुसरं काहीच नाही. तो कोसळला तर अख्खा सर्व्हर टाकून नव्यानं बनवायचा. भरणी संपली की एफसिंक चालू करून, सगळं डिस्कवर उतरवून, मगच वापरायला द्यायचा. आपण अनलॉग्ड टेबलाला लावला तोच न्याय हा, फक्त सर्व्हरभर.

मावशी: खातेदारांचा एकही आकडा त्या सर्व्हरवर नसेल आणि खरोखर टाकून द्यायची तयारी असेल, तर माझी हरकत नाही. मी कधी केलं नाही, कारण आमच्याकडे टाकून द्यायचं असं काही नव्हतंच. पण लोक ‘टाकून देऊ’ म्हणतात आणि कोसळल्यावर ‘चालतोय की’ म्हणून तोच वापरतात. बिघडलेली पानं त्या दिवशी दिसत नाहीत. तुला फक्त कमिटची वाट बघणं टाळायचं असेल तर सिंक्रोनस कमिट बंद कर. शेवटचे काही क्षण जातील, पण टेबल मोडणार नाही.

या मुद्द्यावर मी भाच्याच्या बाजूचा आहे. मूळ फाइल जवळ असलेल्या, वेगळ्या ठेवलेल्या सर्व्हरवर बँकेची सावधगिरी लादण्यात अर्थ नाही. मावशीचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या प्रकारच्या डेटाचा आहे.

भाचा: फॉरेन की पण काढून टाकू?

मावशी: भरताना काढ, भरल्यावर लाव. कॉपी चालू असताना प्रत्येक ओळीची तपासणी रांगेत साठत जाते, आणि कोट्यवधी ओळींना ती रांग मेमरी खाऊन टाकते. नंतर लावलीस तर तीच तपासणी एका जोडणीत होते. पण लाव नक्की. ‘फाइल चांगली असते’ म्हणून कायमची काढलेली की परत लावताना किती अनाथ ओळी निघतात, ते बघितलंय मी.

भाचा: महिन्यातून एकदा टेबल मुळापासून नवीन बनवीन म्हणतो. शेजारी नवं टेबल भरायचं, इंडेक्स बनवायचे आणि मग एका ट्रान्झॅक्शनमध्ये नावांची अदलाबदल. वाचणाऱ्यांना कळतही नाही.

मावशी: कळतं, दोन ठिकाणी. नाव बदलायला पूर्ण कुलूप लागतं. कुणाची लांबलचक क्वेरी चालू असेल तर तुझी आज्ञा तिच्या मागे थांबते आणि तुझ्या मागे बाकी सगळे. लॉक टाइमआउट थोडा ठेव. मिळालं नाही तर माघार घ्यायची आणि परत प्रयत्न करायचा. दुसरं म्हणजे व्ह्यू. व्ह्यू टेबलाला नावानं ओळखत नाही, आतल्या क्रमांकानं ओळखतो. नाव बदललंस तरी तो जुन्याच टेबलाला चिकटून राहील, आणि लोक महिनाभर जुना नकाशा बघत बसतील. व्ह्यूसुद्धा त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये नव्यानं बनव.

भाचा: बाप रे. आमचे सगळे अहवाल व्ह्यूवर आहेत.

मावशी: शेवटचं. नवं टेबल भरलं, इंडेक्स झाले, नाव बदललं, आणि सकाळी पहिली क्वेरी काल सेकंदात येत होती ती दहा मिनिटं लटकली. असं झालंय तुझ्याकडे?

भाचा: झालंय! मला वाटलं इंडेक्स बिघडला.

मावशी: इंडेक्स ठीक होता. नव्या टेबलात काय आहे याची आकडेवारी पोस्टग्रेसकडे नव्हती, म्हणून त्यानं अंदाजानं भलताच रस्ता धरला. मागून ऑटोव्हॅक्यूम येऊन ती गोळा करतो, पण त्याच्या सवडीनं. भरणीनंतर अ‍ॅनालाइज आपण स्वतः चालवायचं.

भाचा: म्हणजे आधी अ‍ॅनालाइज, मग नावाची अदलाबदल.

मावशी: हो. आणि भरणीला किती वेळ लागला हे लिहिताना तो वेळही त्यात धर.